भरलेली जखम, मिटलेला हात

धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बदलले, कंपाउंडर बदलले, पण जखमा भिकुबाईच्याच राहिल्या. कुणाचा पाय विळ्याने कापलेला असो, कुणाची पाठ भाजलेली असो, तपासून झालं की डॉक्टर मान न वळवताच म्हणत, "भिकुबाईंकडे न्या." ती जखमेवर वाकायची, वास घ्यायची आणि पेशंट ज्या भाषेत कण्हत असेल त्याच भाषेत त्याच्याशी बोलत राहायची. बोलता बोलता जुनं फडकं कधी सुटलं हे त्याला कळायचंच नाही.

ती मूळची अमळनेरकडची. नवरा हिलाल कापसाच्या जिनात गाठी उचलायचा. एकदा गाठ निसटून त्याच्या पावलावर पडली. जखम फार मोठी नव्हती. घरच्यांनी तीवर हळद आणि चुलीतली राख दाबली, वर मळकं धोतर फाडून बांधलं. धुळ्याला आणेपर्यंत पाय मांडीपर्यंत काळानिळा पडला होता. हिलाल गेला तेव्हा भिकुबाई विशीतली होती. सासरचे न्यायला आले. ती गेली नाही. तिने मेट्रनसमोर उभं राहून एवढंच सांगितलं, "राख बांधू नये हे मला कुणी शिकवलं असतं, तर तो वाचला असता. आता तरी शिकवा." आधी फरशी पुसायला, मग पट्ट्या उकळायला, मग डॉक्टरांच्या हाताखाली, अशी ती शिकत गेली. पांझरा नदीपलीकडे देवपुरात एक खोली घेतली. पोरबाळ नव्हतं. जखम भरून पेशंट घरी निघाला, की त्याला ती फाटकापर्यंत सोडायला जायची आणि परत येताना तिचा चेहरा लेक सासरी धाडल्यासारखा व्हायचा.

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात कमलबाई आली.

कमलबाई जळगावच्या एका शाळामास्तरांची मुलगी. वय पंचविशीच्या आत. लढाईत पुण्याच्या लष्करी इस्पितळात काम करून आलेली. तिथे हात मोडलेल्या, भाजलेल्या शिपायांना नुसतं बरं करून घरी पाठवत नसत. जखम भरली की त्यांच्याकडून काम करून घेत. कुणी माग चालवे, कुणी दोरी वळे, कुणी लाकूड तासे. कामाने बोटं सुटतात, आखडलेले सांधे मोकळे होतात, असं तिला एका गोऱ्या सिस्टरने शिकवलं होतं. डॉक्टरांनी तिला औषधाच्या कोठीशेजारची रिकामी खोली दिली. तिने तिथे स्टोव्ह मांडला, पाण्याच्या घमेल्यात पितळी पातेलं ठेवलं आणि त्यात पांढरं मेण वितळवलं.

"अक्का, या ना बघायला," ती पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली.

अक्का! भिकुबाईला आजवर सगळे बाई म्हणत. ही कालची पोर आली आणि तिने एका शब्दात आपल्याला म्हातारी केली. "मला पट्ट्या उकळायच्या आहेत," भिकुबाई म्हणाली आणि उकळून झालेल्या पट्ट्या पुन्हा पाण्यात टाकल्या.

तरी तिने हेही गिळलं असतं. पण वना आला.

वना अमळनेरचा, हिलालसारखाच जिनातला. त्याचा उजवा हात कापूस लोटताना रुळांत ओढला गेला होता. हाताची साल सोलून निघाली होती. भिकुबाईने पावसाळाभर तो हात सांभाळला. रोज कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून चिकटलेली पट्टी सोडवायची, मेलेली कातडी चिमट्याने उचलायची, व्हॅसलिन लावलेली कापडाची जाळी घालायची. हात वाचला. डॉक्टरांनी तो इतर डॉक्टरांना दाखवला. वना घरी जाताना रडला होता, आणि भिकुबाईही.

आता तो परत आला, तो बायको ताईबाईला घेऊन. जखमेची खूणही गुलाबी, स्वच्छ होती. पण बोटं फळीसारखी ताठ. घास तोंडात जाईना, सदऱ्याची गुंडी लागेना. जिनवाल्याने कामावर घ्यायला नकार दिला होता.

"दुखतं का?" भिकुबाईने विचारलं.

"दुखस नही बाई. पन हात मन्हा नहीच असं वाटस."

डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कमलबाईंकडे न्या."

दवाखान्यात हे वाक्य भिकुबाईने पहिल्यांदा ऐकलं. शिवी दिल्यासारखं ते तिच्या कानात बसलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या खोलीवरून जाण्याची सारखी कामं निघू लागली. दाराच्या फटीतून दिसे. कमलबाई आधी आपल्या मनगटावर मेणाचा थेंब टाकून बघायची. मग वनाचा हात पातेल्यात बुडवून काढायची. मेण थिजलं की पुन्हा बुडवायची, असे थरावर थर. हातात पांढरा मोजा घातल्यासारखा दिसू लागला की वर मेणकापड आणि घोंगडीचा तुकडा. ऊब मुरली की मेण सोलून काढायचं आणि तेल लावून एकेक बोट हळूहळू वाकवायचं. नंतर त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा टाकायच्या. फोड म्हणायचं. पुढे कणीक मळायला दिली. मग अंबाडीची दोरी वळायला लावली.

"शेंगा फोडायला इथे येतात लोक?" भिकुबाई कंपाउंडरला ऐकू जाईल अशी म्हणाली. "घरी काय कमी शेंगा आहेत?" कंपाउंडर हसला नाही. तोही संध्याकाळी त्या खोलीत डोकावत असे.

थंडी ओसरली तेव्हा एका सकाळी वनाने सगळ्या वॉर्डासमोर मूठ वळून दाखवली. ताईबाई भरताच्या वांग्यांची टोपली घेऊन आली होती, शेतातली पहिली तोड. भिकुबाई दारातच उभी होती. पदर सावरून ती एक पाऊल पुढेही झाली. ताईबाई तिला हसून ओलांडून गेली आणि टोपली कमलबाईच्या पायाशी ठेवली. "तुम्हना हातमा देव शे बाई."

हा हात सडत होता तेव्हा त्याचा वास कुणी घेतला? ही ताईबाई तर नाक झाकून बाहेर बसायची! भिकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमलबाईने त्यातली चांगली वांगी निवडून दुपारी तिच्या टेबलावर आणून ठेवली. भिकुबाईने ती झाडूवालीला देऊन टाकली. त्या दिवशी घरी जाताना पांझरेच्या काठी तिने आपले हात पाहिले. जखमा धुवायच्या कार्बोलिकने कातडी सुकलेली, नखं पिवळी पडलेली. कमलबाईचे हात तेलामेणाने मऊ होते. एवढ्याशा गोष्टीचाही तिला हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचीच चीड आली.

उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून करमसिंग आपल्या बायकोला बैलगाडीतून घेऊन आला. तिचं नाव रुपली. छपराला आग लागली तेव्हा धान्याची कणगी वाचवायला तिने पेटतं गवत हातांनी ओढून काढलं होतं. डावा हात थोडक्यात निभावला होता. उजवा तळव्याकडून बोटांपर्यंत भाजलेला. गावात कुणीतरी त्यावर शेण थापलं होतं. भिकुबाईने ते शेण धुवायला घेतलं आणि तिला हिलालचा पाय आठवला. रुपली ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तिने भिकुबाईच्या लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला. त्या दिवसापासून ती भिकुबाईची झाली. दुसरं कुणी पट्टी सोडायला गेलं तर हात पाठीमागे लपवायची.

एका सकाळी पट्टी चालू असताना कमलबाई शेजारी येऊन उभी राहिली. थोडा वेळ नुसती पाहत होती.

"अक्का, बोटं वेगवेगळी बांधाल का? प्रत्येक बोटामध्ये जाळी घालून. आणि हात असा उघडा राहील अशी मी पातळ फळी करून आणलीय. तीवर बांधू."

"उघडा ठेवला की ती कळवळते. मुठीत तिला आराम पडतो."

"तेच तर. भाजलेल्या हाताला मुठीत आराम पडतो आणि तो तसाच भरतो. मग उघडत नाही. पुण्याला मी असे हात पाहिलेत."

"पुण्याला पाहिलेत ना? इथे मी पाहते."

रुपलीला मराठी फारशी कळत नव्हती, पण दोघींचा आवाज कळत होता. ती भिकुबाईकडे सरकली. भिकुबाईला त्या सरकण्याने असं काही गार वाटलं, की कमलबाईचं म्हणणं बरोबर आहे हे मनाच्या तळाशी समजलेलं असूनही तिने ते वर येऊ दिलं नाही. वनाचा हात तिने पाहिला होताच. तिने चार बोटं एकत्र घेतली, तळव्याकडे वळवली आणि वरून कापसाची जाड गादी देऊन गोल पट्टी गुंडाळली. फळी खाटेखाली सारली. डॉक्टर तेव्हा पटकीच्या साथीमुळे खेड्यापाड्यांत फिरत होते. कमलबाईने त्यांना दोनदा सांगितलं, पण ते घाईत म्हणाले, "भिकुबाईंना कळतं."

जखम सुंदर भरली. ना पू, ना ताप. आभाळ भरून येऊ लागलं तसा करमसिंग अस्वस्थ झाला. पेरणी तोंडावर होती. कमलबाई त्याला सांगून गेली होती की अजून थांबा, खरं काम आता सुरू होईल. तो भिकुबाईकडे आला.

"आक्का, आते घर जावानं का आठेच ऱ्हावानं? तू सांगशी तसं करसूत."

याच्या तोंडून अक्का तिला लागलं नाही. उलट तो शब्द तिला मायेचा वाटला. तिने खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत कमलबाई मेण वितळवत बसली होती, रुपलीसाठीच. आजपासून रुपली त्या खोलीत जाईल. हात बरा झाला की टोपली तिकडे जाईल. माझा पदर धरलेला हात तिच्या हातात जाईल.

"जखम भरली," भिकुबाई म्हणाली. "आता उकळत्या मेणात हात बुडवतील. भाजलेल्या पोरीला कशाला तो ताप? जा घरी."

उकळतं मेण! कमलबाई आधी आपल्या मनगटावर थेंब टाकते हे तिने कितीतरी वेळा पाहिलं होतं. तरीही तोंडातून शब्द गेला तो गेला. रुपलीने फाटकाशी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. गाडी निघून गेली. वॉर्डात येऊन कमलबाईने विचारलं, "रुपली कुठेय?" भिकुबाई म्हणाली, "पेरणी आलीय ना. थांबत नाहीत ही माणसं." कमलबाईने स्टोव्ह विझवला. भिकुबाईला आपण जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

दिवाळी झाल्यावर करमसिंग पुन्हा आला, या वेळी स्वतःच्या पायाला कुऱ्हाड लागली म्हणून. भिकुबाईने आनंदाने त्याचा पाय मांडीवर घेतला.

"रुपली कशी शे?"

तो म्हणाला, "तुन्ही जखम त भरी गयी आक्का. पन हात गया."

"गया म्हणजे?"

त्याने आपली मूठ मिटून दाखवली, अगदी जशी तिने बांधली होती तशी. रुपलीची बोटं तळव्याला चिकटली होती. विळा धरता येत नव्हता. भाकर थापता येत नव्हती. त्याची आई दुसरी बायको कर म्हणून मागे लागली होती. हे सगळं त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस कमी पडला, बैल आजारी आहे, तशाच आवाजात सांगितलं. भिकुबाईने काही वाईट केलं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तिने त्याच्या पट्टीची गाठ मारली आणि ती डॉक्टरांकडे गेली.

तिने रजा मागितली. इतक्या वर्षांत ती कधी मागितली नव्हती म्हणून डॉक्टरांनी कारण विचारलं. "एक पेशंट परत आणायचाय," ती म्हणाली. करमसिंगचा पाय टेकू लागल्यावर त्याच्याबरोबर मोटारीने तापी ओलांडून शिरपूर, तिथून गाडी, शेवटी पाय. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती.

रुपली अंगणात जात्यावर बसली होती. खुंटा डाव्या हाताने धरलेला, उजव्या कोपराने दाणे जात्याच्या तोंडात लोटत होती. भिकुबाई दिसताच ती धावत आली.

"आक्का, तू उनी! बस, पानी देस."

तिने डाव्या हाताने तांब्या आणला, उजवी मिटलेली मूठ खाली टेकू म्हणून लावून. भिकुबाईने तांब्या तसाच खाली ठेवला. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"बेटा, तुले मी घर जावाले सांगं, ते मन्हं चुकनं. कमलबाई थांब म्हने. मेण उकळतं नव्हतं. मी खोटं सांगं."

"खोटं? कसाले?"

कशाला? या साध्या प्रश्नाला भिकुबाईकडे उत्तर होतं, पण ते या अंगणात, या पोरीपुढे उच्चारायचं म्हणजे अंगावरचं लुगडं फेडण्यासारखं होतं. "तू तिन्हाकडे जाशी, ते माले सहन व्हयनं नही," ती म्हणाली. "आते मन्हासंगे दवाखानामा चाल."

रुपलीच्या डोळ्यांतला आनंद हळूहळू विझत गेला. ती उठून झोपडीत गेली. आत सासूशी बोलण्याचे आवाज आले. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत बोचकं होतं. परतीच्या वाटेवर ती भिकुबाईच्या बाजूला नाही, नवऱ्याच्या बाजूला बसली.

दवाखान्यात कमलबाईने तो हात उजेडात धरला. बोट उचलून पाहिलं, उचललं गेलं नाही. मग ती भिकुबाईकडे वळली. तिचा आवाज कधी चढत नसे, आज चढला.

"मी फळी आणली होती अक्का! तुम्हाला कळत होतं. हा हात तुम्ही माझ्यावरच्या रागाने बांधलात."

वॉर्डातल्या माना वळल्या. नाही म्हणायला जागा होती, डॉक्टर नव्हते, पेरणी होती. भिकुबाई म्हणाली, "हो."

कमलबाईला बहुधा भांडण हवं होतं. ती खोलीत जाऊन बसली आणि दोन दिवस भिकुबाईशी बोलली नाही.

डॉक्टरांनी चिकटलेली कातडी कापून बोटं मोकळी केली, मांडीची पातळ कातडी काढून तिथे बसवली. भिकुबाईला ते बरंच काही बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी एकच मागितलं, पट्टी माझ्याकडे राहू द्या. कमलबाई म्हणाली, "राहू द्या. नव्या कातडीला त्यांच्यासारखं कुणी सांभाळणार नाही. पण मी समोर उभी राहीन."

ती समोर उभी राहिली. भिकुबाई एकेका बोटाभोवती जाळी घालायची, मधल्या बेचकीत कापूस दाबायची आणि हात उघडा फळीवर बांधायची. रुपली कळवळायची. पूर्वी ती कळवळली की भिकुबाई पट्टी सैल करायची. आता डोळे पुसायची पण फळी सोडायची नाही. रुपली मात्र आता तिचा पदर धरत नसे. खाटेचा गज धरायची.

कातडी धरली तशी मेणाची पाळी आली. पहिल्या दिवशी रुपली त्या खोलीच्या उंबऱ्यावर अडली. उकळतं मेण तिच्या डोक्यात बसलं होतं. कमलबाईने समजावलं, मनगटावर थेंब टाकून दाखवला, पण ती हलेना. तेव्हा भिकुबाई आत गेली. तिने बाह्या सारल्या आणि आपला सुकलेला, भेगाळलेला हात पातेल्यात बुडवला. तिचं आयुष्य गार पाण्यात आणि कार्बोलिकमध्ये गेलं होतं. ऊब बोटांच्या हाडांपर्यंत गेली आणि ती नकळत "आई गं" म्हणाली. रुपली घाबरली.

"भाजनं?"

"नही बेटा. बरं वाटनं."

रुपली पहिल्यांदा थोडंसं हसली आणि आत आली. पण आली ती कमलबाईच्या बाजूच्या पाटावर बसली. पुढचे महिने तसेच गेले. शेंगा, मग ओली माती, मग दोरी. कमलबाई तिला गाणं म्हणायला लावायची आणि दोघी हसायच्या. ते हसणं वॉर्डात ऐकू यायचं, आणि भिकुबाईच्या काळजात तीच जुनी कळ उठायची. ती कळ गेली नव्हती. ती जाईल असं तिला आता वाटतही नव्हतं. ती उठली की भिकुबाई हातातलं काम अधिक नीट करायची, एवढंच.

होळीच्या सुमारास कमलबाईने परातीत ज्वारीचं पीठ मांडलं. रुपलीने गोळा केला, डावा हात कडेला लावला आणि उजव्या तळव्याने थापायला सुरुवात केली. करंगळी पूर्ण उघडली नाही, ती शेवटपर्यंत वाकडीच राहिली. भाकरीची एक कड जाड झाली. पण भाकर फिरली, वाढली, तव्यावर पडली आणि फुगली. करमसिंगने ती उभ्या उभ्याच खाल्ली. निघताना रुपली कमलबाईच्या पायांना हात लावून रडली. भिकुबाईपाशी आली तेव्हा वाकली नाही. उजवा हात पुढे करून तिने तिची बोटं धरली, आपल्या बोटांनी दाबली. चांगली दाबली. मग गाडीत बसली.

भिकुबाईला फाटकापर्यंत जाता आलं नाही. नेमका त्याच वेळी तेलाच्या कढईत हात भाजलेला एक हलवाई आत आणला होता. डॉक्टर सवयीने म्हणाले, "भिकुबाईंकडे न्या." तिने हात मिठाच्या पाण्यात ठेवला, स्वच्छ केला, जाळी कापली. हलवाई बोटं मुठीत ओढू बघत होता.

तिने पट्टीची गुंडाळी खाली ठेवली आणि कोठीशेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "कमलबाई, बांधायच्या आधी एकदा बघून जा."